सेनोलायटिक औषधे

शरीरात साठलेल्या जीर्ण पेशी वेचून मारणारी औषधे. पेशीचे विभाजन कायमचे थांबते, पण ती मरत नाही. अशी पेशी जीर्ण म्हटली जाते. माणसाची पेशी प्रयोगशाळेत 40 ते 60 वेळा दुभागली की थांबते, हे लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी 1961 मध्ये दाखवले. थांबलेली पेशी गप्प मात्र बसत नाही. दाह वाढवणारी प्रथिने ती सोडत राहते आणि शेजारणींनाही बिघडवते. मृत्यूला अडवणाऱ्या यंत्रणा तिने जोरात चालू ठेवलेल्या असतात. त्या बंद पाडल्या की ती आपोआप मरते. 2015 मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी डॅसाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध आणि क्वेर्सेटिन हे वनस्पतिजन्य द्रव्य यांची जोडी याच तत्त्वावर पुढे आणली.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात या औषधांची पहिली गरज गुडघ्यांना भासेल. चिखलात पाय रोवून, कमरेतून वाकून दिवसभर भातलावणी केलेल्या बायका साठीनंतर जमिनीवरून उठताना आधी हात टेकतात. दुर्दैवाने मोठी निराशा याच सांध्यात झाली. थेट गुडघ्यात टोचायचे यूबीएक्स-0101 हे औषध 183 रुग्णांवरील चाचणीत खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही, हे ऑगस्ट 2020 मध्ये जाहीर झाले. फुप्फुसे निबर होण्याच्या आजारात 2019 साली 14 रुग्णांना वरील जोडी देऊन पाहिली. त्यांचे चालणे काहीसे सुधारले, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. सेनोलायटिक म्हणून कोणत्याही औषधाला अद्याप मान्यता नाही.

फुप्फुसांच्या त्या चाचणीत क्वेर्सेटिनचा दिवसाचा डोस 1250 मिलिग्रॅम होता. तेवढे मिळवायला लाल कांदा किलोंनी खावा लागेल, आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्यात तर ते नावापुरतेच असते. ‘तारुण्य टिकवणाऱ्या’ कॅप्सुलांच्या जाहिरातींत हा हिशेब दिसत नाही.

कर्जत-खालापूरला जवळचे संशोधन शेजारच्या पनवेल तालुक्यात, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत चालते. इंद्रनील मित्रा यांचा गट मरणाऱ्या पेशींतून सुटलेल्या क्रोमॅटिनच्या, म्हणजे डीएनए व प्रथिनांच्या, कणांना वार्धक्यासाठी जबाबदार धरतो. रेझव्हेरट्रॉल हे वनस्पतिजन्य द्रव्य आणि तांबे वर्षभर दिल्यावर उंदरांच्या मेंदूतील वार्धक्याच्या खुणा घटल्या, असे त्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केले. काटेकोर अर्थाने हे सेनोलायटिक नव्हे. इथे पेशी मारली जात नाही, मरणाऱ्या पेशींचे अवशेष निकामी केले जातात.

पिंपळीतील पायपरलाँगुमिन जीर्ण पेशी मारते, असे 2016 मध्ये पेशीसंवर्धनात आढळले. चरकसंहितेत वर्धमान पिप्पली रसायन आहे: रोज दहा-दहा वाढवत शंभरापर्यंत आणि तसेच उतरत, एकूण हजार पिंपळ्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची सांगड घालणे हा मात्र अजून उत्साहाचाच भाग आहे.

जीर्ण पेशी सरसकट शत्रूही नाहीत. कापणीत विळा लागून झालेली जखम भरताना त्या थोडा काळ उपजतात आणि कातडी जुळवायला मदत करतात. म्हणून ही औषधे रोज न देता मधूनमधून, दोन-तीन दिवसच देण्याची पद्धत आहे.