कामठ्याच्या गढीचा ठावठिकाणा

गोंदिया जिल्ह्यातले कामठा इतिहासात ठळक होते ते 1818 मध्ये. आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले, त्याच वर्षी इथले जमीनदार चिमणा पटेल उठावात उतरले. इंग्रजी फौजेने कामठा घेतले, जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. त्या गढीवर मी पूर्वी एक टिपण लिहिले होते. एकोणिसाव्या शतकातल्या नकाशावरून तिचे अक्षांश-रेखांशही काढून दिले होते. एक वाचक ते आकडे मोबाइलमध्ये घालून निघाले आणि गावाच्या पूर्वेला चार किलोमीटरवर, धानाच्या बांधीत जाऊन पोचले. तोवर माझे आकडे आणखी दोघांच्या लेखांत उतरले होते.

चुकीचे मूळ मद्रासला सापडले. लॅम्बटन यांच्या मोजणीला 'ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे' हे नाव मिळाले तेही 1818 मध्येच. हे लॅम्बटन पुढे 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले. या सर्व्हेचे रेखांश मद्रास वेधशाळेवरून मोजलेले. जुन्या नकाशांत वेधशाळेचा रेखांश 80°17'21" धरलेला आहे, पुढे तारायंत्राच्या मदतीने तो 80°14'54" ठरला. फरक 2'27" चा. आपल्या अक्षांशावर तो सव्वाचार किलोमीटरच्या आसपास भरतो. योगायोग असा, की वेधशाळेची ती रेखावृत्त-रेषा गोंदिया आणि आमगावच्या मधूनच जाते.

एवढे वजा केले तरी काम संपत नाही. जुने नकाशे 1830 च्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेले, तर मोबाइल 'डब्ल्यूजीएस 84' मानतो. त्याने आणखी दीड-दोनशे मीटर सरकतात. 21°27' हे 21.27 असे लिहिले तर जागा वीस किलोमीटर दक्षिणेला जाते. खरा आकडा 21.45. शिवाय इंग्रजी कागदांत कामठ्याचे स्पेलिंग नागपूरजवळच्या कामठीशी सहज गोंधळते, आणि ती शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला.

शेवटी कामठ्याला जाऊन जागेवरच नोंद घेतली. आता कुठल्याही वाड्याची नोंद करताना पाच गोष्टी लिहितो: मोजणी दरवाजाशी केली की आवाराच्या मधोमध, आकडे कोणत्या पद्धतीचे, कशावरून घेतले, कोणत्या तारखेला आणि किती मीटर इकडेतिकडे. दशांशाची चार स्थळे पुरतात. चौथे स्थळ म्हणजे सुमारे अकरा मीटर. मोबाइल दहा आकडे दाखवतो म्हणून तेवढे छापू नयेत.

माझे जुने टिपण ज्यांच्या संग्रही असेल, त्यांनी त्यातल्या रेखांशातून 2'27" वजा करावेत आणि समासात 'स्थूलमानाने' असे लिहावे. चूक माझी होती. ती पुढच्या अभ्यासकाच्या लेखात जाऊ नये.