सांधा, सिग्नल आणि खोडदची दुर्बीण

पूर्णा आणि नांदेड यांच्या मध्ये चुडावा हे परभणी जिल्ह्यातले लहानसे रेल्वेस्थानक आहे. अशा स्थानकात गाडी घेण्यापूर्वी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. रूळ मोकळा हवा, सांधा योग्य बाजूला पक्का बसलेला हवा आणि समोरून येणाऱ्या गाडीचा सिग्नल बंद हवा. हा नियम कोणाच्या स्मरणशक्तीवर सोडलेला नसतो. 1856 मध्ये जॉन सॅक्सबी या इंग्रजाने सांध्यांचे आणि सिग्नलांचे खटके एकमेकांत अडकवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले आणि नियम लोखंडातच घडवला जाऊ लागला. सांधा चुकीचा असेल तर सिग्नलचा खटका ओढलाच जात नाही. पुढे लोखंडी पट्ट्यांच्या जागी विद्युत रिले आले, नंतर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. नियम तोच राहिला.

स्टेशनमास्तरांचे काम मात्र निराळ्या रीतीने चालते. फोन वाजला की ते नोंदवही बाजूला ठेवतात, फोन संपला की पुन्हा वही उघडतात, मध्येच कोणी चौकशीला आले तर त्यालाही उत्तर देतात. संगणकाची कार्यप्रणाली, उदाहरणार्थ लिनक्स, अशीच वागते. एका कामाला थोडा वेळ, मग दुसऱ्याला, मग पुन्हा पहिल्याला. खटक्यांची चौकट कोणालाच थांबवून ठेवत नाही, पण नवे काही शिकतही नाही. या दोन वृत्तींना एकाच यंत्रात नांदवायचे कसे? या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्रातच, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदला पाहायला मिळतो.

खोडदची जीएमआरटी ही प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. एकेकटी तबकडी फारसे बारकावे दाखवत नाही. प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशी ताडून पाहिला की मगच आकाशाचे चित्र तयार होते. 30 तबकड्यांच्या अशा जोड्या किती होतात? 30 गुणिले 29 भागिले 2, म्हणजे 435. हा गुणाकार आकाशाकडून संकेत येत असतानाच अखंड करायचा असतो.

1990 च्या दशकात हे काम करणारे यंत्र खास चिपांचे होते. त्यांतली कळीची चिप अमेरिकेतील व्हीएलबीए या दुर्बिणीसाठी तयार झालेली होती. तिच्यातली मंडले कारखान्यातच कोरलेली, सॅक्सबीच्या लोखंडी पट्ट्यांसारखी. यंत्र भरवशाचे होते, पण एका वेळी जास्तीत जास्त 32 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पाहणारे. आणखी काही हवे असले तरी चिप बदलणार कोण?

नंतर गाडी एकदम दुसऱ्या टोकाला गेली. यशवंत गुप्ता, जयंत रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्सवर चालणाऱ्या बाजारातल्या संगणकांचा जथा जोडून सगळा गुणाकार सॉफ्टवेअरने करून दाखवला. त्याचे वर्णन 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्या मते या टप्प्याला मिळायला हवे तितके श्रेय मिळत नाही. कल्पना सुचली की प्रोग्राम बदलायचा. कच्चे संकेत साठवून ठेवून नंतरही तपासायचे. ही मोकळीक संशोधकाला फार मोलाची असते. पट्टा मात्र जुन्याच रुंदीच्या आसपास राहिला.

मग दुर्बिणीचे नूतनीकरण ठरले आणि 400 मेगाहर्ट्झचा पट्टा हवा झाला. पट्ट्याच्या दुप्पट नमुने दर सेकंदाला घ्यावे लागतात, म्हणजे एका संकेताचे 80 कोटी. एका तबकडीचे दोन संकेत, म्हणून 60 संकेतांचे मिळून 4800 कोटी. लिनक्स एखाद्या कामाकडे केवळ एक सहस्रांश सेकंद दुर्लक्ष करून दुसरीकडे वळले, तर तेवढ्यात एका संकेताचे 8 लाख नमुने निघून जातात. पुन्हा चौकटीकडे वळणे भाग होते, पण ती बदलता येणारी हवी होती.

अशी चौकट 1985 मध्येच बाजारात आली होती. झायलिंक्स या अमेरिकी कंपनीत रॉस फ्रीमन यांनी काढलेल्या पहिल्या एफपीजीए चिपमध्ये फक्त 64 तर्कखंड होते. तिचे रहस्य वर्गात सहज करून दाखवता येईल. फळ्यावर चुडाव्याच्या तीन अटी लिहा. प्रत्येकीचे उत्तर 0 किंवा 1. एकूण 8 ओळींचा तक्ता होईल आणि फक्त 1-1-1 या ओळीपुढे ‘सिग्नल द्या’ असे येईल. हा तक्ता 8 घरांच्या स्मृतीत भरला की तर्काचे मंडल तयार. घरांतले आकडे पुसून नवे भरले की मंडल दुसरे. एफपीजीएमध्ये असे हजारो तक्ते आणि त्यांना जोडणारे बदलते सांधे असतात. म्हणून एफपीजीएचा ‘प्रोग्राम’ ओळीओळीने चालत नाही. तो चिपच्या आत मंडल होऊन बसतो आणि त्याचे सगळे भाग एकाच वेळी काम करतात. सवयीच्या प्रोग्रामरला सर्वांत जड जाते ते हेच.

खोडदच्या नव्या यंत्रणेत ‘रोच’ नावाचे फलक वापरले गेले. ते अमेरिकेतील बर्कली येथील कॅस्पर गट आणि दक्षिण आफ्रिकेतील रेडिओ दुर्बिणीचे अभियंते यांच्या सहकार्यातून आलेले. आराखडा सर्वांसाठी खुला. फलकावर एक मोठा एफपीजीए आणि शेजारी लिनक्स चालवणारा छोटा पॉवरपीसी प्रक्रियक. एफपीजीए नमुने घेतो, पुडक्यांत बांधतो आणि वेगवान जाळ्यावरून पुढच्या संगणकांकडे पाठवतो. गुणाकार तिथे ग्राफिक्स चिपांवर होतो.

या दोघांची भाषा बर्कलीच्या हेडन सो यांनी 2007 च्या आपल्या प्रबंधात मांडली. त्यांच्या ‘बोर्फ’ या लिनक्सच्या विस्तारात एफपीजीएमधले मंडल हे एखाद्या साध्या प्रोग्रामसारखे सुरू करता आणि थांबवता येते. मंडलातल्या नोंदी लिनक्सला फायलींसारख्या दिसतात. फायलीत 1 लिहिला की मंडलातला खटका पडतो. कल्पना इतकी साधी की ती आधी कोणाला सुचली नसेल यावर विश्वास बसत नाही.

पण एक पेच उरतो. सगळ्या फलकांनी नमुने घेणे एकाच क्षणी सुरू केले पाहिजे आणि लिनक्स तर नेमका क्षण पाळू शकत नाही. अशा फलकांवर रूढ असलेली तोड पाहा. जीपीएस घड्याळावरून दर सेकंदाला एक स्पंद सर्व फलकांना मिळतो. लिनक्स सेकंदाच्या मध्यावर केव्हातरी फायलीत ‘तयार राहा’ एवढेच लिहिते. कोणत्या फलकाचे लिनक्स थोडे आधी लिहील, कोणाचे थोडे उशिरा. मंडल पुढच्या स्पंदाची वाट पाहते आणि तो येताच सगळे फलक घड्याळाच्या एकाच ठोक्यावर सुरू होतात. मास्तरांनी परवानगी दिली, पण गाडी सोडली ती चौकटीने.

ही अचूकता कशासाठी? स्पंदक ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षे मोजायचे असतील तर प्रत्येक नमुन्याची वेळ ठाऊक हवी. 2023 च्या जूनमध्ये जगातल्या अनेक गटांनी अतिशय संथ गुरुत्वीय लहरींच्या गुणगुणीचे पुरावे जाहीर केले. त्यांत खोडदची मोजमापे वापरणारा भारतीय गटही होता.

चुडाव्याच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ त्याच लहरींचे जलद रूप पकडणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारायची आहे. तिला एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोमध्ये आरसे स्थिर ठेवणाऱ्या गणिताची एक फेरी सेकंदाला 16,384 वेळा होते, म्हणजे एका फेरीला जेमतेम 61 मायक्रोसेकंद. तिथे हे काम एफपीजीएकडे दिलेले नाही. संगणकाच्या प्रक्रियकाचा एक गाभा लिनक्सच्या ताब्यातून काढून घेतात आणि त्यावर ती एकच फेरी फिरत ठेवतात. बाकीचे गाभे लिनक्सकडे राहतात आणि त्यांवर नोंदवह्या, फोन आणि चौकशा नेहमीसारख्या चालू असतात.