हाडवैद्याच्या घरचा सर्जन

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर कोवलम हे कोळ्यांचं गाव लागतं. इथला किल्ला क्लाइव्हने १७५२ साली फ्रेंचांकडून घेतला होता. आज गावाचं नाव होतं ते लाटांमुळे. मूर्ती मेगवन या गावच्याच कोळ्याने २०१२ मध्ये इथे सर्फिंगची शाळा काढली. अनवाणी पोरं फळीवर तोल धरतात, तो सगळा पावलांच्या जोरावर.

आणि पाऊल मोडलं तर? या भागात आजही अनेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ‘पुत्तूर कट्टु’. चित्तूरकडच्या पुत्तूर गावातल्या हाडवैद्यांची ही पद्धत : झाडपाल्याचा लेप, अंडं, बांबूच्या कामट्या आणि वर कापडाची पट्टी. तिच्या नावाच्या पाट्या चेन्नईभर दिसतात. आपल्याकडे तालमीत निखळलेला सांधा वस्तादच बसवायचे, त्यातलाच हा प्रकार. डॉक्टर या पट्टीवर चिडतात आणि ते रास्तही आहे. फार आवळली तर रक्तपुरवठा तुटून पाय सडू शकतो.

पण डॉक्टरांच्या घराण्यातही हाडवैद्य निघतात.

लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसचे वाडवडील वेल्समधले पिढीजात हाडवैद्य. तो स्वतः शिकून डॉक्टर झाला, तरी हाड जुळायचं तर सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी, यावर अडून राहिला. त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स त्याच्याच हाताखाली तयार झाला. हा जोन्स एकदा नाचत असताना टाच उचललेली असतानाच पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडला. त्याला वाटलं, स्नायूची दोरी तुटली. एक्स-रेत मात्र करंगळीमागचं लांब हाड मोडलेलं दिसलं. स्वतःच्या पायासकट अशा रुग्णांची हकिगत त्याने १९०२ मध्ये छापली. त्या मोडीला आजही जोन्सचंच नाव आहे.

ही मोड हट्टी. त्या जागी रक्त कमी पोचतं, प्लास्टर घालूनही हाड कधीकधी जुळतच नाही. म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हाडाच्या पोकळीतून स्क्रू घालायची पद्धत रुळली. खेळाडूंना ती सोयीची, कारण त्यांना मैदानावर लवकर परतायचं असतं. पण स्क्रूचीही हमी नाही. बास्केटबॉलपटू केविन ड्युरंटवर २०१४-१५ च्या एकाच हंगामात तीन शस्त्रक्रिया झाल्या. शेवटी हाडाचं कलम करावं लागलं.

सचिन तेंडुलकरचं २००१ मधलं दुखणं वेगळं, पायाच्या अंगठ्याखालच्या चिमुकल्या हाडाचं. त्याला सुरी लागली नाही, मात्र श्रीलंकेतल्या कसोटी मालिकेला मुकावं लागलं.

फुटबॉलपटू नेमारच्या उजव्या पावलात मात्र करंगळीमागच्या त्याच लांब हाडात ३ मार्च २०१८ रोजी स्क्रू बसला. बरोबर तीन महिन्यांनी तो क्रोएशियाविरुद्ध उतरला आणि गोल केला, तोही जोन्सच्या लिव्हरपूलमध्येच. जानेवारी २०१९ मध्ये तेच हाड पुन्हा दुखावलं. या वेळी डॉक्टरांनी सुरी बाजूला ठेवली आणि तो जवळजवळ तीन महिने खेळापासून दूर राहिला.