रेड क्रॉस वॉर मेमोरियल चिल्ड्रन्स हॉस्पिटल

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराच्या राँडेबॉश उपनगरातील सरकारी बालरुग्णालय. स्थापना १९५६. केपटाऊन विद्यापीठाच्या वैद्यक शाखेचे बालरोग व बालशल्यचिकित्सा हे विभाग येथे चालतात. खाटा सुमारे २७०. बाह्यरुग्ण व आंतररुग्ण मिळून वर्षाला अडीच लाखांच्या आसपास भेटी. यांतील मोठा वाटा वर्षाच्या आतल्या तान्ह्या मुलांचा असतो. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत केवळ मुलांसाठी उभारलेल्या स्वतंत्र रुग्णालयांत हे सर्वांत मोठे गणले जाते.

नावामुळे हे रेड क्रॉस संस्थेचे रुग्णालय असावे असा समज होतो. तो चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्यांचे स्मारक म्हणून दक्षिण आफ्रिकन रेड क्रॉस सोसायटीने पुढाकार घेऊन ते उभारले. चालवण्याची जबाबदारी मात्र प्रांतिक सरकारकडे राहिली. आज ते वेस्टर्न केप प्रांताच्या आरोग्य खात्याकडे आहे. चौकात दगडी स्तंभ उभा करण्यापेक्षा हे स्मारक केव्हाही शहाणपणाचे. गावात त्याला नुसते ‘रेड क्रॉस’ म्हणतात.

रुग्णालय क्लिपफाँटेन रस्त्यावर आहे, आणि तो रस्ता समजल्याशिवाय रुग्णालयाचे काम समजत नाही. रस्त्याच्या पश्चिम टोकाला टेबल माउंटनच्या पायथ्याची झाडीत बुडालेली उपनगरे आणि विद्यापीठ. पूर्वेला तो ॲथलोनवरून गुगुलेतु आणि न्यांगा या वस्त्यांकडे जातो. १९५०च्या ग्रुप एरियाज कायद्याने वंशागणिक वस्त्या ठरवून दिल्या. शहराच्या पोटातला ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला आणि तेथील सुमारे ६०,००० माणसे उठवली गेली. अशा विस्थापितांना ज्या सखल, रेताड, वाऱ्याच्या माळावर ढकलले, तो केप फ्लॅट्स. पुढे पोटासाठी ईस्टर्न केपमधून आलेली कुटुंबेही तेथेच पत्र्याची घरे बांधून राहिली. रुग्णालयातली बहुसंख्य मुले या भागातली असतात. गोऱ्यांच्या उपनगराच्या कडेला बांधलेली इमारत अशी ह्या वस्त्यांचे रुग्णालय बनली.

आजारांचे वेळापत्रकही त्या माळाचेच. केपमध्ये पाऊस हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये पडतो. तेव्हा पत्र्याच्या घरांत पाणी शिरते, आणि रुग्णालयात न्यूमोनिया व श्वासाच्या विकारांची मुले दाटतात. उन्हाळ्यात जुलाबांची पाळी येते, आणि सुकत चाललेल्या तान्ह्यांच्या शरीरात पाणी भरण्याचे काम रात्रंदिवस चालते. भाजलेल्या मुलांना मात्र ऋतू नसतो. एका खोलीत स्वयंपाक, झोप आणि खेळ. जमिनीलगत रॉकेलचा स्टोव्ह किंवा उकळत्या पाण्याची किटली, आणि तिच्या लोंबत्या वायरीपर्यंत पोहोचणारा नुकताच चालू लागलेला हात. येथील भाजल्यावरील उपचारांचा स्वतंत्र विभाग हाइन्झ रोडे यांच्या कामामुळे नावारूपाला आला. बालशल्यचिकित्सक सिडनी सायव्हिस यांनी १९७०च्या दशकात अपघात टाळण्यासाठी एक संस्था सुरू केली. ती पुढे ‘चाइल्डसेफ’ नावाने ओळखली जाऊ लागली. मुलांच्या जखमांची नोंद पद्धतशीर ठेवायची आणि त्या नोंदींच्या आधारे सरकारकडे नियमांचा आग्रह धरायचा, ही तिची रीत. टोळीयुद्धात मध्ये सापडून गोळी लागलेली मुलेही येथे येतात. बंदुकांवर निर्बंध आणणारा २०००चा कायदा अमलात आल्यावर अशा मुलांची संख्या घटल्याचे याच रुग्णालयातील नोंदींवरून दाखवले गेले.

शल्यचिकित्सेतील लौकिकाची मुळे रुग्णालयाच्या स्थापनेआधीची आहेत. काही अर्भके आतड्याचा एखादा भाग बंद असलेल्या स्थितीत जन्मतात, आणि त्या काळी त्यांतली बहुतेक दगावत. हा गर्भाच्या घडणीतलाच दोष, असे मानले जाई. केपटाऊन विद्यापीठातील यानी लाउ आणि तरुण ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी गाभण कुत्रीच्या पोटातील पिल्लांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तोडून पाहिला; पिल्ले तसाच दोष घेऊन जन्मली. म्हणजे दोष घडणीचा नव्हता, वाटेत रक्त तुटल्याचा होता. १९५५ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये आले. कमी रक्ताचा तुकडा कापून टाकूनच आतडे जोडायचे, हा धडा त्यातून मिळाला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. बर्नार्ड यांचे नाव जगाने १२ वर्षांनी, ३ डिसेंबर १९६७ रोजी जवळच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात झालेल्या हृदयारोपणामुळे ऐकले. मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया ते रेड क्रॉसमध्ये करीत. त्या एका रात्रीच्या झगमगाटात आतड्यांवरचे हे काम झाकले गेले. वाचलेल्या जिवांची मोजदाद केली, तर ते बहुधा अधिक भरेल.

यकृत आणि मूत्रपिंड रोपणासाठी देशाच्या इतर भागांतूनही मुले येथे येतात. सयामी जुळी विलग करण्याचा येथील अनुभव जगात मोजक्याच ठिकाणी सापडेल. तरी या रुग्णालयाचे दूरवर पोहोचलेले एक काम शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीचे आहे.

दम्याचे औषध पंपातून तोंडात फवारले, तर लहान मुलाला फवारा आणि श्वास यांचा मेळ साधत नाही. औषध घशातच राहते. मध्ये ‘स्पेसर’ नावाची पोकळ नळी जोडली की फवारा तिच्यात थांबतो आणि मूल सावकाश ओढून घेते. बाजारातली नळी गरीब घराला परवडत नाही. हेदर झार आणि सहकाऱ्यांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून, फट गोंदाने बुजवून ती विकतच्या स्पेसरशी ताडून पाहिली. सोबत न बुजवलेली बाटली आणि थर्माकोलचा पेलाही होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला : फट बुजवलेली बाटली विकतच्या नळीइतकीच कामाची, पेला सर्वांत निरुपयोगी. अशी बाटली घरी कशी करावी, हे आता जागतिक आरोग्य संघटनेच्या बालरुग्णसेवेच्या खिसापुस्तिकेत दिलेले आहे. पुढे तान्ह्या मुलांतील क्षयाच्या निदानासाठी बेडका कसा मिळवावा, यावरही झार यांनी येथे काम केले. एवढ्या लहान मुलांना बेडका काढता येत नाही, हे तोवर गृहीतच धरले जाई.

‘ब्रीदइझी’ या उपक्रमाची जातकुळी तीच. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेले मूल पूर्वी महिनोन्‌महिने खाटेवर अडकून पडे. येथे आईला किंवा आजीला रुग्णालयातच ठेवून नळी साफ करणे, बदलणे आणि ती तुंबली तर काय करायचे, हे शिकवतात. हात बसला की मूल घरी जाते. परिचारिका पुढेही त्यांच्या संपर्कात राहतात.

भाषेची अडचण जुनी आहे. आया बहुतांशी खोसा किंवा आफ्रिकान्स बोलतात, डॉक्टर बरेचदा इंग्रजीच. दुभाष्याचे काम आपसूक परिचारिकांच्या गळ्यात पडते. दोन्ही बाजू एकच वैद्यकीय शब्द वापरूनही त्याचा अर्थ वेगळा घेतात, हे येथेच झालेल्या एका अभ्यासात २००६ मध्ये मांडले गेले.

प्रांतातील मोठ्या बालरुग्णसेवेची वाटणी दोन विद्यापीठांत आहे. काही भाग रेड क्रॉसकडे आणि काही स्टेलेनबॉश विद्यापीठाशी जोडलेल्या टायगरबर्ग रुग्णालयाकडे येतो. किरकोळ दुखणे आधी वस्तीतल्या दवाखान्यात दाखवून मग चिठ्ठी घेऊन येणे, ही रीत. पण रात्री मूल निपचित पडले की चिठ्ठी कोण पाहतो! १९९४ मध्ये स्थापन झालेला चिल्ड्रन्स हॉस्पिटल ट्रस्ट देणग्या जमवून इमारती व यंत्रांचा खर्च उचलतो. रोजचा खर्च सरकारी.

विद्यापीठाच्या ‘आफ्रिकन पीडिॲट्रिक फेलोशिप प्रोग्रॅम’मार्फत केनिया, मलावी, युगांडा, घाना, झांबिया अशा देशांतील डॉक्टर येथे मुलांच्या मेंदू, हृदय, मूत्रपिंड इत्यादींच्या विकारांचे विशेष शिक्षण घेतात. त्यांना त्यांच्या देशातील संस्थाच पाठवतात आणि शिक्षण संपल्यावर त्यांनी तेथेच परतायचे असते. बहुतेक परतले आहेत. त्यांतले काही आपल्या देशात त्या शाखेचे पहिलेच डॉक्टर ठरले.