लहान गाडी, मोठे ओझे

चिंचपोकळी स्टेशनाजवळ रेल्वेवरून जाणारा पूल आहे. गिरण्या चालू होत्या त्या काळात या भागात भरलेल्या हातगाड्या हे रोजचेच दृश्य होते. मुंबईत त्या आजही दिसतात. सपाट रस्त्यावर एक माणूस आपल्या वजनाच्या कितीतरी पट माल ओढून नेतो. पुलाचा चढ लागला की मात्र मागून ढकलायला आणखी दोघे लागतात. माणूस तोच, गाडी तीच, मालही तोच; बदलला तो फक्त रस्ता. तेव्हा ‘किती ओढता येते’ हे केवळ ओढणाऱ्यावर ठरत नाही. ही साधी गोष्ट लक्षात ठेवून आपण एका छोट्या मोटारगाडीचा इतिहास पाहू या. ती गाडी म्हणजे जीप.

१९४० साली अमेरिकन सैन्याला कुठल्याही वाटेने जाणारी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी हलकी गाडी हवी होती. बँटम या लहान कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरात पहिला नमुना तयार केला. पुढे १९४१ मध्ये विलीज कंपनीचा नमुना प्रमाण म्हणून स्वीकारला गेला आणि फोर्डनेही तशाच गाड्या बनवल्या. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या.

या गाडीचा मुंबईशी संबंध लवकरच आला. १९४५ साली लुधियानात सुरू झालेल्या ‘महिंद्रा अँड महंमद’ या कंपनीचे नाव १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. १९४९ च्या सुमारास या कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग आणून त्यांची जुळणी माझगावात सुरू केली. चिंचपोकळीहून भायखळा ओलांडला की आलेच माझगाव. धरणांची कामे, जंगलखाते, पोलीस, सर्वेक्षण अशा नाना कामांसाठी जीप देशभर गेली, आणि चिखलात रुतलेला ट्रक जीपने ओढून काढल्याच्या गोष्टी तिच्याबरोबर गेल्या.

युद्धकाळातील जीपचे वजन सुमारे १.१ टन आणि तिचे इंजिन २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे. मग एवढा जोर येतो कोठून? येथे आपली रोजची भाषा आपल्याला फसवते. आपण सगळ्यालाच ‘ताकद’ म्हणतो. पण बल वेगळे आणि शक्ती वेगळी. बल म्हणजे ओढ. शक्ती म्हणजे ती ओढ किती वेगाने लावली जाते याचे माप. शक्ती तेवढीच ठेवून वेग कमी केला, तर बल वाढवता येते. हेच काम गिअर करतो.

हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १४२ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो २.६६५ पट होतो, चार चाकांच्या ‘लो’ गिअरमध्ये आणखी १.९७ पट आणि आसावरील दंतचक्रांत ४.८८ पट. एकूण गुणाकार सुमारे २५.६. चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर धरली, तर ओढ सुमारे १०,००० न्यूटन, म्हणजे एक टन वजनाइतकी येते. दंतचक्रांच्या घर्षणात यातला काही भाग जातो, तरी उरलेली ओढ गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास राहते. किंमत एवढीच की या वेळी वेग ताशी दहा-अकरा किलोमीटरच असतो.

युद्धानंतर विलीजने शेतकऱ्यांसाठी नागरी जीप आणली. इंजिन तेच, ६० अश्वशक्तीचे. पण गिअरांचा एकूण गुणाकार सुमारे ३६ पर्यंत नेला. कागदावर ओढ दीड टनाच्या आसपास गेली. गाडी मात्र एक टनाचीच! आता दुसरी मर्यादा आडवी येते. कोरड्या रस्त्यावर रबरी टायर आपल्यावरील वजनाच्या साधारण सात-आठ दशांश एवढीच पकड देतो. सैल वाळूत किंवा चिखलात निम्म्याहूनही कमी. त्यापुढे इंजिन कितीही जोर लावो, चाके जागच्या जागी फिरतात. जोर चारही चाकांना का द्यायचा, याचे उत्तर येथे मिळते: त्यामुळे गाडीचे सगळे वजन पकडीच्या कामी येते. १९८० च्या दशकात आलेल्या चार चाकांच्या छोट्या ऑल-टेरेन गाड्यांनीही रुंद, कमी हवेच्या टायरांनी हीच पकड साधली.

तिसरी बाजू ओझ्याची. १९४४ मध्ये ब्रह्मदेशात मोगाँगच्या दक्षिणेकडील लोहमार्गावर इंजिने उरली नव्हती, तेव्हा ब्रिटिश सैन्याने जीपला रेल्वेची चाके बसवून तिच्याकडून डबे ओढवले. पोलादी रुळांवर पकड फार कमी, वजनाच्या पाचव्या भागाइतकी. म्हणजे जीपची ओढ जेमतेम २२० किलोग्रॅम वजनाइतकी उरते. पण रुळांवर एक टन माल सरकवायला सपाटीवर सुमारे ५ किलोग्रॅम वजनाइतके बल पुरते. भागाकार करा: जीपसकट ४४ टन! आता १०० मीटरला एक मीटर चढ आहे असे समजा. दर टनामागे १० किलोग्रॅमची भर पडते आणि ४४ चे १५ टनच राहतात. बोरघाटातील ३७ ला १ या चढावर तर जीपसह सातएक टन. चिंचपोकळीच्या पुलावरील हातगाडीचे गणित हेच आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जे ओढता येते ते थांबवता येतेच असे नाही. एक टनाच्या जीपने ब्रेक नसलेला तीन टनांचा ट्रेलर सपाट रस्त्यावर ओढला, तर थांबवण्याचे काम एका टनाच्या पकडीवर आणि थांबवायचे वस्तुमान चार टन. थांबायला लागणारे अंतर चौपट होते. उतारावर ते आणखी वाढते, आणि मागचे ओझेच पुढच्या गाडीला ढकलू लागते. अमेरिकन सैन्याने जीपसाठी जो ट्रेलर बनवला तो म्हणूनच पाव टन मालाचा होता. आपल्याकडे ट्रॅक्टरामागे एकाला दोन ट्रॉल्या जोडून घाट उतरणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

वर्गात यासाठी एक ताणकाटा, एक विटेचा तुकडा, चार गोल पेन्सिली आणि एक फळी पुरेशी आहे. वीट फळीवर नुसती ओढा, मग पेन्सिलींवर ठेवून ओढा, मग फळी तिरपी करून ओढा, आणि प्रत्येक वेळचा आकडा फळ्यावर लिहा. शेवटी दोरा सोडल्यावर तिरप्या फळीवर पेन्सिलींवरची वीट काय करते, हेही मुलांना पाहू द्या.