मोरीचे पाणी जाते कुठे?
घरगुती स्वच्छतेचा इतिहास, वसईच्या निमित्ताने

भांडे घासले, कपडा धुतला, लादी पुसली की आपण म्हणतो, ‘घाण गेली.’ विज्ञानाच्या विद्यार्थ्याने यावर लगेच पुढचा प्रश्न विचारायला हवा: गेली म्हणजे कुठे गेली? पदार्थ नाहीसा होत नाही, हे तर आपण वर्गात शिकवतोच. तेलकटपणा, माती आणि ती काढण्यासाठी वापरलेले द्रव्य ही सारी मोरीतून बाहेर पडतात आणि कुठे तरी पोचतात.

‘बिनविषारी’ आणि ‘पर्यावरणस्नेही’ स्वच्छतेची चर्चा आता घरोघरी होते. तसे शब्द छापलेल्या बाटल्याही बाजारात मिळतात. पण आपली साफसफाई कशी बदलत गेली आणि का बदलली, हे पाहिल्याशिवाय या चर्चेतले खरेखोटे कळायचे नाही. त्यासाठी आपण वसईचा किनारपट्टा निवडू. तिथे मोरीचे पाणी आणि विहिरीचे पाणी यांत अंतर फार थोडे आहे.

राख, रिठा आणि चिंच

आगाशी, निर्मळ, भुईगाव, गास या वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावांची ओळख म्हणजे केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, विहिरी आणि बावखले. बावखल म्हणजे विहिरीपेक्षा मोठा आणि तलावापेक्षा लहान असा खोदलेला पाणसाठा. पावसाळ्यात तो भरतो, त्यातले पाणी जमिनीत मुरते आणि विहिरींना आधार देते. समुद्राजवळच्या अशा जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. त्यामुळे वरून जे मुरते, त्याचा परिणाम विहिरीत दिसायला वेळ लागत नाही.

कोकणपट्टीतल्या जुन्या घरांत मोरीचे पाणी परसातल्या अळूला, केळीला किंवा माडाला जाई. त्या पाण्यात काय असे? चुलीची राख, माती, नारळाच्या काथ्याचे तंतू, रिठ्याचा किंवा शिकेकाईचा फेस आणि चिंचेचा कोळ.

यातली प्रत्येक वस्तू रसायनच आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पाण्यात विरघळले की पाणी आम्लारिधर्मी होते आणि तेलाच्या काही भागाचा तिथल्या तिथे साबण बनतो. राखेचे बारीक कण घासण्याचे काम करतात आणि उरलेले तेल शोषून घेतात. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याशी आणि दुसरे तेलाशी जुळते. पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, फेस येतो आणि मळ सुटतो. तांब्यावरचा काळा थर हा मुख्यतः ऑक्साइडचा असतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल तो विरघळवते.

हे ज्ञान पुष्कळ जुने आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्तूंच्या शुद्धीचे नियम आहेत. तांबे, पितळ, कथील यांसाठी क्षार, आम्ल आणि पाणी, रेशीम व लोकरीसाठी खारी माती आणि एका प्रकारच्या घोंगडीसाठी रिठा, असे वर्गीकरण तिथे आढळते. तो ग्रंथ धार्मिक शुद्धीचा विचार करतो, रसायनशास्त्राचा नव्हे. तरीही कोणत्या वस्तूवर कोणता पदार्थ चालतो याची बारीक पाहणी कुणी तरी केली होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केळीला पालाशाची, म्हणजे पोटॅशियमची, गरज मोठी असते. भांड्यांची राख परसातल्या केळीच्या बुंध्याशी गेली की ती खतच होत असे. घाण काढणारे द्रव्य कुठे पोचते, हे घरातल्या माणसाला रोज दिसत होते. झाड सुकले तर ते मोरीपासून दहा पावलांवर सुकले असते.

साबण आला

‘साबण’ हा शब्द अरबी ‘साबून’ आणि पोर्तुगीज ‘सबाँव’ या दोन्हींच्या जवळचा आहे. सोपारा बंदर अरबांच्या माहितीचे होते आणि १५३४ ते १७३९ या काळात वसईवर पोर्तुगिजांची सत्ता होती. शब्द कुठल्याही वाटेने आला असो, वस्तू मात्र सामान्य घरात फार उशिरा पोचली.

साबण स्वस्त होण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. फ्रान्समध्ये निकोला लब्लाँ यांनी १७९१ मध्ये मिठापासून सोडा बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे मिशेल शेव्रल यांनी १८२३ मध्ये चरबी आणि साबण यांची रासायनिक घडण स्पष्ट केली. त्यानंतर साबण हा कारखान्याचा माल झाला. लिव्हर कंपनीचा सनलाइट साबण १८८८ मध्ये भारतात उतरला. अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण काढला आणि अनेक भारतीय घरांतला एक धार्मिक अडसर दूर झाला.

प्लेग आणि वासाची साक्ष

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला. गटारांत आणि घरांत कार्बोलिक आम्ल ओतले जाऊ लागले, भिंतींना चुना फासला गेला. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी शस्त्रक्रियेत कार्बोलिक आम्लाचा उपयोग प्रसिद्ध केला होता. त्यामुळे या औषधावर अधिकाऱ्यांचा विश्वास होता.

पण १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवले, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो. म्हणजे गटारात ओतलेले आम्ल रोगाच्या खऱ्या वाटेवर पोचतच नव्हते. औषध जहाल असणे आणि योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या साथीचा एक धडा.

तो धडा आपण नीटसा घेतला नाही. आपण घेतली ती सवय. उग्र वास आला म्हणजे जागा स्वच्छ झाली, असे आपण मानू लागलो. आजही फिनेलचा वास आला नाही तर लादी पुसलीच नाही असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः मळ निघाला की नाही याच्याशी त्या वासाचा काहीही संबंध नसतो.

डिटर्जंट का जिंकले?

किनाऱ्याजवळच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ किंवा जड (दुष्फेन) असते. अशा पाण्यातल्या कॅल्शियम व मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका बनतो. साबण झिजतो आणि कपडा करडा होतो. संश्लिष्ट अपमार्जके, म्हणजे डिटर्जंट, अशा पाण्यातही काम देतात. अमेरिकेत १९४६ मध्ये टाइड आले, भारतात १९५९ मध्ये सर्फ आले, आणि १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत निर्मा पावडर विकायला सुरुवात केली. स्वस्त पावडरीने डिटर्जंट गरिबांच्या घरात नेले.

या बदलाला नुसते जाहिरातीचे यश म्हणणे अन्यायाचे होईल. राख चाळणे, रिठे फोडून भिजवणे, धुणे बडवणे ही सगळी कामे बायकांच्याच वाट्याला येत. पावडरीने त्यांचे तास वाचवले. जुने ते सोने म्हणताना ते सोने घासत कोण बसत होते, हे विसरून चालणार नाही.

दोष निघाला तो पुढे. सुरुवातीच्या डिटर्जंटमधल्या रेणूंची कार्बनसाखळी फांद्या असलेली होती. जिवाणूंना ती सहज तोडता येईना. युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग तरंगू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला. १९६५ पर्यंत अमेरिकेतल्या उत्पादकांनी सरळ साखळीचे, जैवविघटनशील रेणू वापरायला सुरुवात केली. फेस ओसरला.

मग लक्ष फॉस्फेटकडे गेले. पाण्याचा जडपणा कमी करण्यासाठी ते पावडरीत घालत. कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ‘सरोवर क्र. २२६’ पडद्याने मधोमध विभागले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले. फॉस्फरस मात्र एकाच भागात घातला. त्याच भागात शेवाळाने पाणी हिरवेगार झाले. असे शेवाळ मरून कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. पडद्याच्या दोन बाजूंचे विमानातून घेतलेले छायाचित्र हे फॉस्फेटवरच्या निर्बंधांच्या बाजूचे मोठे साधन ठरले.

वसईत काय बदलले?

१९८०च्या दशकात मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकली. वसईच्या विहिरींतले पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. हरित वसईचे आंदोलन उभे राहिले ते याच काळात. चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. अनेक बावखले या काळात बुजली.

स्वच्छतेच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल असा, की मोरी आणि परसाची ताटातूट झाली. चौथ्या मजल्यावरच्या मोरीचे पाणी नळातून टाकीत, टाकीतून गटारात आणि गटारातून खाडीत जाते. शहराच्या सांडपाण्याचा मोठा भाग प्रक्रियेविना वाहत असल्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. बाटलीतले द्रव्य जहाल आहे की सौम्य, हे सांगणारी केळ आता मोरीजवळ नाही.

भारत सरकारने १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ योजना सुरू केली. मातीचे मडके हे तिचे चिन्ह होते आणि साबण-डिटर्जंट हा तिच्यातला एक गट होता. पण फारच थोड्या उत्पादकांनी ते मडके घेतले. ग्राहकच विचारत नसेल तर उत्पादक कशाला घेईल? २०२४ मध्ये या योजनेचे नवे नियम आले आहेत.

मग घरात काय करावे?

‘नैसर्गिक ते निर्धोक’ हे सूत्र आम्हाला मान्य नाही. रिठ्यातले सॅपोनिन माशांना विषारी असते, ते थेट तळ्यात सोडू नये. राखेचे घट्ट पाणी हात सोलते. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यास बुडबुडे भरपूर येतात, पण आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निष्प्रभ करतात. हाती उरते ते जवळजवळ मीठपाणीच.

उपयोगी पडतो तो मळाचा विचार. तेलकट मळाला धुण्याचा सोडा किंवा साधा साबण, नळावरच्या पांढऱ्या थराला लिंबू, तांब्याला चिंच, धुळीला ओले फडके. जंतुनाशक रोज लादीवर नको. घरात हगवण किंवा काविळीची साथ असेल तेव्हा मात्र ब्लीचिंगचे योग्य प्रमाणातले द्रावण निःसंकोच वापरावे. पावडर मोजून घालावी, कारण जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे.

एक इशारा प्रत्येक वर्गात द्यावा. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र ओतू नयेत. त्यांतून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो, आणि बहुधा तो घरकाम किंवा सफाई करणाऱ्या बाईच्या जिवावर बेततो. ब्लीच आणि अमोनियायुक्त द्रव्य यांचे मिश्रणही घातक असते.

शाळेत एक सोपा प्रयोग करता येईल. चार वाट्यांत मातीवर मेथी पेरावी. एकीला साधे पाणी, दुसरीला राखेचे, तिसरीला रिठ्याचे आणि चौथीला डिटर्जंटचे पातळ पाणी रोज सारख्या मापाने घालावे. दहा दिवस उंची आणि पानांचा रंग नोंदवावा. निकाल काय येईल ते आम्ही आधी सांगत नाही. प्रमाण बदलले की निकालही बदलतो, आणि विद्यार्थ्यांना तेच कळायला हवे.

सोबत दुसरे काम द्यावे: आपल्या घराच्या मोरीपासून निघून पाणी शेवटी कुठे पोचते, त्याचा नकाशा काढणे. वसईच्या विद्यार्थ्याचा नकाशा खाडीपाशी किंवा एखाद्या विहिरीपाशी थांबेल, इतर गावांतल्यांचा नदीपाशी. नकाशात जिथे पुढे काय ते ठाऊक नाही, तिथे प्रश्नचिन्ह घालून ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत जाऊन विचारावे.