चालकाची जागा : मुंबईच्या बसमधील ओळखीचा इतिहास

शहरी बसच्या चालकाचा व्यवसाय माणसांच्या गर्दीत चालतो, पण त्याची पाठ सतत गर्दीकडे असते. ‘बस चालू असताना चालकाशी बोलू नये’ ही सूचना मुंबईकरांनी पिढ्यानपिढ्या वाचली आहे. तरीही ठरावीक मार्गावर रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांशी चालकाची ओळख होतच आली. ती कितपत व्हावी आणि कोणत्या मार्गाने व्हावी, हे स्वभावापेक्षा त्याची जागा कुठे आहे यावर अधिक ठरले. ट्रामचा उघडा ओटा, बसची बंद केबिन आणि वाहक नसलेल्या आजच्या गाडीतले आसन हे या इतिहासाचे तीन टप्पे होत.

मुंबईत सार्वजनिक वाहतुकीची सुरुवात घोड्यांच्या ट्रामने झाली. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर ट्राम धावू लागली. कुलाबा ते पायधुणी या प्रवासाला तीन आणे पडत आणि आरंभी तिकीट दिले जात नसे. कंपनीकडे सुरुवातीला २० गाड्या आणि २०० घोडे होते. १९०५ मध्ये हा कारभार संपला तेव्हा घोड्यांची संख्या १,३६० वर गेलेली होती. ही गाडी बाजारपेठांच्या रस्त्यांतून संथ चाले. हाकणारा पुढे, घोड्यांच्या मागोमाग असे. त्याच्या आणि रस्त्यावरच्या माणसांच्या मध्ये काच नव्हती की भिंत नव्हती. हातगाडीवाल्याला बाजूला हो म्हणायचे तर त्याला तोंडानेच सांगावे लागे.

१९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बेस्ट’ हे नाव पडले. ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम सुरू झाली आणि सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. घोडे गेले, तरी चालकाची जागा फारशी बदलली नाही. तो ट्रामच्या तोंडाशी उभा राहून हाताने दांडा फिरवी आणि पायाने घंटा वाजवी. ट्राम रूळ सोडून वळू शकत नसल्याने रुळांवर आलेल्या माणसाला सावध करणे हे चालकाचे मोठे काम होते. घंटेचा घणघणाट हीच त्याची भाषा झाली. ट्राम गेल्या, पण त्यांच्या थांब्यांची नावे शहराच्या बोलण्यात उरली. ‘दादर टी. टी.’ मधील अक्षरे ट्राम टर्मिनसचीच आहेत.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मुंबईची पहिली बस धावली. सुरुवातीला २४ बसगाड्या होत्या. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे सहा लाख, तर पुढच्या वर्षी अडतीस लाख लोकांनी बसने प्रवास केला. १९३४ मध्ये बस शहराच्या उत्तर भागात पोहोचली. १९३७ मध्ये दुमजली बस आली आणि १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी ‘मर्यादित’ थांब्यांची बस सुरू झाली.

बसमुळे चालक बसता झाला आणि प्रवाशांपासून दूर गेला. जुन्या दुमजली बसमध्ये त्याची केबिन इंजिनाच्या बाजूला, अगदी स्वतंत्र असे. प्रवासी मागच्या उघड्या पायरीवरून चढत आणि तिथूनच उतरत. पुढे ट्रॅक्टरसारखे तोंड जोडलेल्या दुमजली गाड्या आल्या. त्यांत तर चालक एका वाहनात आणि प्रवासी दुसऱ्या वाहनात, अशी विभागणी झाली. दोघांना जोडणारा दुवा एकच होता, तो म्हणजे दोरीने वाजणारी घंटी. एकदा वाजली की थांबायचे, दोनदा वाजली की निघायचे. ‘डबल बेल’ हा शब्द तिथूनच मुंबईच्या रोजच्या बोलण्यात रुळला.

चालक असा अलग पडल्यावर प्रवाशांशी बोलण्याचा भार वाहकावर आला. खाकी गणवेश, छातीवर बिल्ला, खांद्याला चामडी पिशवी, एका हातात तिकिटांची पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात छिद्र पाडायचा चिमटा, असा त्याचा थाट असे. चिमटा पेटीवर टकटक वाजवत तो गर्दीतून वाट काढी. ‘पुढे चला, पुढे चला’ आणि ‘सुटे पैसे काढा’ ही त्याची दोन वाक्ये शहराने पाठ केली. सुट्या पैशांवरून भांडणे होत, तशीच विश्वासाची नातीही जुळत. सुटे नसतील तर वाहक येणे बाकी असलेली रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देई आणि उतरताना प्रवासी ती मागून घेई. रोजच्या प्रवाशाला तर लिहून देण्याचीही गरज पडत नसे. मराठी प्रवासी त्याला ‘मास्तर’ म्हणत. पैसे घेणारा, जागा करून देणारा आणि प्रसंगी दटावणारा, अशा माणसाला ते संबोधन शोभे.

वाहकाच्या या गप्पिष्टपणातून हिंदी चित्रपटसृष्टीला एक विनोदी नट मिळाला. बद्रुद्दीन काझी हे बेस्टच्या बसमध्ये वाहक होते. तिकिटे फाडता फाडता ते नकला आणि विनोद करून प्रवाशांना हसवत. अभिनेते बलराज साहनी यांच्या नजरेत ते भरले. साहनी तेव्हा ‘बाज़ी’ या चित्रपटाचे लेखन करत होते. त्यांच्यामुळे काझींनी त्याचे दिग्दर्शक गुरुदत्त यांच्यापुढे दारुड्याची नक्कल केली आणि १९५१ च्या या चित्रपटात त्यांना भूमिका मिळाली. पुढे ते जॉनी वॉकर या नावाने देशभर ओळखले गेले.

७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ‘बेस्ट’ची सेवा ताब्यात घेतली. त्या वेळी २३ मार्गांवर २४२ बसगाड्या होत्या आणि रोज सुमारे २ लाख ३८ हजार लोक त्यांतून प्रवास करत. १९५० आणि १९५७ मध्ये शहराची हद्द वाढून मुलुंड व दहिसरपर्यंत गेली आणि बसचे जाळेही पसरत गेले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. त्यानंतर शहराच्या रस्त्यांवर बस हेच मुख्य सार्वजनिक वाहन उरले.

याच काळात बसच्या रचनेने चालकाला प्रवाशांच्या थोडे जवळ आणले. एकमजली बसमध्ये मागच्या दाराने चढायचे आणि पुढच्या दाराने उतरायचे, अशी पद्धत रूढ झाली. पुढचे दार चालकाच्या शेजारी होते. उतरणारा प्रत्येक प्रवासी क्षणभर त्याच्याजवळ उभा राही. ‘जरा पुढे घ्या’, ‘सिग्नलला सोडा’ अशा विनवण्या तिथूनच होत. ज्येष्ठ नागरिक, अपंग आणि गरोदर स्त्रिया यांना पुढच्या दारानेच चढण्याची सवलत मिळाली. त्यामुळे चालकाच्या ओळखीच्या माणसांत वृद्धांचा भरणा अधिक राहिला. काठी टेकत येणारे आजोबा आरशात दिसले की गाडी थोडी अधिक थांबवायची, हे वेळापत्रकात न बसणारे सौजन्य होते.

ओळख घट्ट होण्याचे खरे कारण मात्र वेळ हे होते. पहाटेच्या पहिल्या गाडीचे प्रवासी जवळजवळ ठरलेले असतात. रुग्णालयात कामाला जाणारे, सफाई कामगार, मासळी-भाजीच्या बाजाराला निघालेले विक्रेते आणि रात्रपाळी संपवून परतणारे अशी तीच ती माणसे त्याच थांब्यावर उभी असतात. एखादा दिसला नाही तर ते चालकाच्या ध्यानात येते. शेवटच्या थांब्यावर बसचौकी असते. तिथे ‘स्टार्टर’ गाडीची वेळ नोंदवतो आणि पुढची फेरी सुटेपर्यंत चालक-वाहकाला काही मिनिटे मिळतात. चौकीशेजारचा चहावाला, पेपरवाला आणि पानवाला हे त्याचे रोजचे सोबती. समोरून येणाऱ्या गाडीच्या चालकाला स्टिअरिंगवरचा हात उचलून केलेला नमस्कार हाही याच व्यवहाराचा भाग आहे. दसऱ्याला आगारांत गाड्यांची पूजा होते, पुढच्या काचेवर झेंडूचे आणि आंब्याच्या पानांचे तोरण चढते आणि नेहमीच्या प्रवाशांशी आपट्याच्या पानांची देवघेव होते.

या सौजन्याला कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ यांत चालक व वाहकाने प्रवाशांशी सभ्यतेने वागावे, असे बंधन आहे. नियमाने सभ्यता मागता येते, आपुलकी मागता येत नाही. ती अडचणीच्या वेळी दिसली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यांत अडकलेल्या बसगाड्याच अनेकांचा रात्रीचा आसरा ठरल्या. मार्च २०२० मधील टाळेबंदीत लोकल गाड्या बंद असताना परिचारिका, डॉक्टर आणि पालिका कर्मचाऱ्यांना कामावर पोहोचवण्याचे काम बसने केले.

२०१९ नंतर चालकाची जागा पुन्हा बदलली. त्या वर्षी ९ जुलैला किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आले आणि भाडेतत्त्वावरच्या गाड्या मोठ्या संख्येने येऊ लागल्या. या गाड्यांचे चालक कंत्राटदाराकडे नोकरीला असतात. अनेक मार्गांवर वाहक गाडीत न राहता थांब्यावर तिकीट देऊ लागला. तिकीटपेटी आणि चिमटा यांची जागा आधीच यंत्राने घेतली होती. पाठोपाठ मोबाइल ॲप आणि कार्ड आले. त्यामुळे अशा गाडीत चालक हा एकटाच कर्मचारी उरला. रस्ता विचारणारा, थांबा चुकलेला आणि कार्ड न चालल्याने गोंधळलेला प्रवासी, सगळे त्याच्याकडेच येतात. मास्तरने जवळजवळ शंभर वर्षे केलेले बोलण्याचे काम त्याच्या वाट्याला आले आहे, आणि ते करताना नजर रस्त्यावरून हटवायची सोय नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या डिझेलवरच्या दुमजली बसने मुंबईचा निरोप घेतला. त्याच वर्षी विजेवरची वातानुकूलित दुमजली बस आलेली होती. मे २०२५ मध्ये किमान भाडे साध्या बसला दहा आणि वातानुकूलित बसला बारा रुपये झाले. दीडशे वर्षांत भाडे, इंधन आणि मालक बदलले. ट्रामच्या ओट्यावर उभा असलेला माणूस केबिनमध्ये गेला आणि तिथून पुढच्या दाराशेजारी येऊन बसला. त्याच्याशी बोलण्याची मनाई मात्र त्याने मार्गावरच्या माणसांना ओळखण्याच्या आड कधी आली नाही.